इचिरो घडवायचाय, पण कोपराचं काय?

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे, गेली पंधरा वर्षं सिएटलजवळ राहतो. मुलगा १३ वर्षांचा, बेसबॉलमध्ये आउटफिल्डर, म्हणजे लांबचा क्षेत्ररक्षक. जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकीच्या वडिलांसारखा मी रोज पहाटे पाचला गॅरेजमध्ये चेंडू फेकणारं पिचिंग मशीन लावून त्याचा सराव घेतो. त्यासाठी तबला बंद केला. हल्ली कोपर दुखतं म्हणतो, पण ती पळवाट वाटते. पूर्ण स्कॉलरशिप आणि पुढे मेजर लीग (इथलं सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल), यासाठी काय आखणी करावी?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘पळवाट’ या शब्दाशी अडखळले. तेराव्या वर्षी हाडं अजून वाढत असतात. चेंडू फेकून फेकून कोपरातल्या त्या वाढत्या भागालाच इजा होऊ शकते, आणि ती कळते दुखण्यातूनच. मेजर लीगच्याच सूचना आहेत की या वयाच्या पिचरने, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणाऱ्याने, वर्षातले चार महिने स्पर्धेत पिचिंग करू नये आणि त्यातले सलग दोन-तीन महिने खांद्यावरून चेंडूच फेकू नये. तुमचा मुलगा पिचर नाही, मान्य. पण आउटफिल्डमधून थेट होमपर्यंतची, म्हणजे बॅटर उभा असतो तिथवरची, फेक काय हलकी असते? तुमच्या वेळापत्रकात मला सुट्टीच दिसली नाही.

आता इचिरो. वडील नोबुयुकी त्याचा रोज सराव घ्यायचे, हे खरं. वर्षातले ३६० दिवस कसून सराव करतो, असं त्याने सहावीतल्या निबंधात लिहिलंय. तुम्ही बहुधा तिथेच वाचायचे थांबलात. तो सराव छळाच्या काठावरचा होता, हेही मोठेपणी त्यानेच सांगितलं. आणि एवढं करून १९९१च्या जपानी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याचा नंबर लागला चौथ्या फेरीत! पाय झुलवत बॅट फिरवायची त्याची तऱ्हा पहिल्या मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, पटेना, म्हणून दोन वर्षं बराचसा काळ दुय्यम संघात गेला. १९९४ मध्ये नवे मॅनेजर आकिरा ओगी आले आणि त्यांनी त्याला त्याच्या पद्धतीने खेळू दिलं. त्या मोसमात २१० हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके. जपानमध्ये तोवर कुणीच दोनशेला पोचलं नव्हतं. पुढे सिएटलच्या संघाकडून २००४ मध्ये मारलेले २६२ तर तुम्हाला पाठच असतील. नोबुयुकींची नक्कल करणारे बाप माझ्याकडे दर महिन्याला येतात, क्रिकेटचे जास्त. तुमच्या घरात उणीव आहे ती ओगींची.

मार्ग तुम्हाला ठाऊक आहे : हायस्कूल, कॉलेज, ड्राफ्ट, मग मेजर लीगखालची मायनर लीग. पण ‘पूर्ण स्कॉलरशिप’ डोक्यातून काढा. कॉलेज बेसबॉलच्या सर्वांत वरच्या गटातही वर्षानुवर्षं एका संघाला ११.७ स्कॉलरशिप असायच्या आणि त्या २७ जणांपर्यंत वाटल्या जायच्या. आता नियम बदललेत, पण प्रत्येकाला पूर्ण पैसे देण्याचं बंधन कॉलेजवर आजही नाही. मुलाच्या कोपरावर फीचं गणित मांडू नका.

याच आठवड्यात मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जा. कुठे दुखतं, कधीपासून, हे त्यालाच सांगू द्या. तुम्ही गप्प बसा. तोवर मशीन बंद. तबला वाजवायचा की नाही तेही डॉक्टरांनाच विचारा, पण डग्ग्यावरची खोळ आजच काढा.