जुगाराचं कर्ज फेडण्याआधी पैशाची वाट अडवा

सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून या वेळी आलेल्या पत्रांत जुगाराचाच विषय सगळ्यात जास्त होता. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

प्रश्न : मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. आयपीएलच्या वेळी कुणीतरी व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ (सट्टा लावायचं ऑनलाइन खातं) दिला आणि तेव्हापासून सट्टा सुरू आहे. आता साडेतीन लाखांचं देणं झालंय. मालकाकडची उचल, दोन ॲपची कर्जं, माझ्या नावावर काढलेलं महिला गटाचं कर्ज आणि बुकीची बाकी, असं सगळं मिळून. मुलांची शपथ घेऊन ‘सोडतो’ म्हणतात. माझा भाऊ सगळं एकरकमी फेडायला तयार आहे. हे म्हणतात, तोवर तुझं गंठण गहाण ठेवू. काय करू?

भावाला आज फोन करून सांगा, पैसे तयार ठेव, पण अजून देऊ नकोस. गंठण तर अजिबात काढून देऊ नका. ते तुमचं स्त्रीधन आहे आणि कायद्यानेही त्यावर तुमचाच हक्क आहे.

तुमच्या मिस्टरांची शपथ खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. शपथ घेताना बहुतेकांना ती मनापासूनच घ्यायची असते. पण कर्ज एकदम फिटलं की त्याच दिवशी सगळे दरवाजे पुन्हा उघडतात. मालक पुन्हा उचल देतो, वेळेत फेडलं म्हणून ॲप मर्यादा वाढवून देतं आणि बुकी ‘क्लिअर पार्टी’ म्हणून नवा आयडी देतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आकडा आधीपेक्षा मोठा झालेला असतो. म्हणून आधी पैशाची वाट अडवायची आणि मग कर्जाकडे वळायचं.

सुरुवात एका वहीपासून करा. दोघांनी बसून प्रत्येक देणं लिहून काढा : कुणाचं, किती, व्याज काय, गहाण काय आहे, जामीन कोण आहे. पहिल्या बैठकीत खरा आकडा सहसा बाहेर येत नाही, त्यामुळे आठवड्याने वही पुन्हा उघडा आणि तेव्हा आणखी एखादं देणं निघालं तर भांडू नका. भांडण झालं तर त्यापुढचं लपवलं जाईल. मिस्टरांना त्यांचा सिबिल अहवाल तुमच्यासमोर काढायला सांगा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. बँका आणि नोंदणीकृत फायनान्स कंपन्यांची कर्जं त्यात दिसतात, हातउसनं आणि उचल दिसत नाही.

मग खातं. नुसतं यूपीआय ॲप काढून टाकून भागत नाही, पाच मिनिटांत ते परत चालू होतं. यूपीआयचा पिन नव्याने बनवायला डेबिट कार्ड किंवा आधारचा ओटीपी लागतो. म्हणजे कार्ड तुमच्याकडे आणि त्यांच्या हातात बटणांचा साधा फोन, या दोन्ही गोष्टी एकत्रच करायला हव्यात. शाखेत जाऊन नेटबँकिंग आणि कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करण्याचा लेखी अर्ज त्यांच्याच सहीने द्या. शाखेतून बंद केलेलं परत सुरू करायला पुन्हा शाखेत जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात डोक्यातली तलफ बहुतेकदा उतरलेली असते. शिल्लक ठेवायची असेल तर दोघांच्या नावे, ‘दोघांच्या सहीने’ चालणारं खातं उघडा. फॉर्मवर ‘दोघांपैकी कोणीही’ या चौकटीवर खूण झाली तर सगळी मेहनत वाया जाईल, तेवढं नीट पाहा. पगार झाला त्याच दिवशी भाडं, लाइट बिल, किराणा आणि शाळेची फी बाजूला काढा. त्यांच्या खिशात रोजचा चहा-नाश्ता आणि पेट्रोलपुरतेच रोख पैसे असू द्या. यात मोठ्या माणसाचा अपमान होतो असं घरच्यांना वाटतं. त्यांना सांगा, ही व्यवस्था वर्षभराची आहे आणि ती मिस्टरांनी स्वतः मान्य केलेली आहे. त्यांच्या संमतीशिवाय ती टिकणारही नाही.

मालकांना भेटून एवढंच सांगा की यापुढे उचल देऊ नका. कारण सांगायची गरज नाही.

आता कर्जाचा क्रम. गटाचं कर्ज तुमच्या नावावर आहे. तुमचा हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्या बायकांवर ओझं येतं, म्हणून पहिला नंबर त्याचा. त्यानंतर नोंदणीकृत कंपन्यांची ॲप-कर्जं आणि मग उचल, पगारातून थोडी थोडी कापून. भावाला मदत करायचीच असेल तर त्याने महिन्याचा एखादा हप्ता थेट कर्ज देणाऱ्याच्या खात्यात भरावा. मिस्टरांच्या हातात रोख रक्कम नको. त्यांच्या वैयक्तिक कर्जाला तुम्ही जामीन किंवा सहकर्जदार नसाल तर ते तुमच्याकडून वसूल करता येत नाही, आणि आता नव्याने कुठेही सही करू नका. बुकीची बाकी वहीत सगळ्यात खाली लिहा. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो, त्यामुळे ती बाकी कोर्टात मागता येत नाही. बुकीने धमकी दिली तर विषय थेट पोलिसांचा आहे.

प्रश्न : वय २३, विजापूर रोडला राहतो, डिलिव्हरीचं काम करतो. ऑनलाइन रमी बंद झाली, पण टेलिग्रामवर लिंक येतात, त्यावर खेळतो. सुरुवात पन्नासपासून झाली, आता हजार लावल्याशिवाय मजा येत नाही. हरलो की दुसऱ्या दिवशी वसूल करायला बसतो. आईला सांगितलं की गाडीचं काम निघालं, मित्राकडून उसने घेतले. मागच्या आठवड्यात जिंकलेले चार हजार आले आणि खातंच गोठलं. मी व्यसनी आहे का?

तुझ्याच पत्रातल्या गोष्टी मोजू. डॉक्टर जुगाराच्या आजारासाठी नऊ खुणा पाहतात : मजेसाठी रक्कम वाढवत न्यावी लागणं, बंद केलं की चिडचिड, सोडायचे फसलेले प्रयत्न, डोक्यात सतत तोच विचार, मन खराब झालं की खेळायला बसणं, हरलेलं वसूल करायला परत जाणं, खोटं बोलणं, नाती-नोकरी-शिक्षण धोक्यात येणं आणि पैशासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणं. गेल्या बारा महिन्यांत यातल्या चार किंवा जास्त असतील तर आजार धरतात. रक्कम वाढवणं, वसुली, खोटं बोलणं आणि उसने पैसे, अशा चार तू स्वतःच लिहिल्या आहेस. निदान डॉक्टरच करतील, पण वाट पाहू नकोस. चारवर आलेल्या माणसाला सावरणं आठवर गेलेल्यापेक्षा पुष्कळ सोपं असतं.

खात्याचं असं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बेकायदा ठरवले, मग कुणी त्यांना कौशल्याचे म्हणो की नशिबाचे. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. त्यामुळे लिंकवाले लोकांची भाड्याने घेतलेली खाती वापरतात. त्याच खात्यांतून फसवणुकीचे पैसेही फिरतात. कुणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पोलीस त्या साखळीतली सगळी खाती गोठवायला सांगतात, आणि तुझे चार हजार त्या साखळीतून आलेले असणार. शाखेत लेखी विचार : कोणत्या पोलीस ठाण्याची, कोणत्या क्रमांकाची तक्रार आहे आणि नेमकी किती रक्कम रोखली आहे. मग त्या ठाण्याला खरं काय ते लेखी कळव. ‘खातं सोडवून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नकोस. आणि कमिशनवर स्वतःचं खातं वापरायला देशील तर आरोपी तूच होशील.

रात्रीसाठी एवढं कर. टेलिग्राममधले ते ग्रुप नुसते म्यूट करू नकोस, सोड आणि ब्लॉक कर. बेटब्लॉकर नावाचं मोफत ॲप जुगाराच्या पुष्कळ साइट अडवतं. रोज नवीन निघणाऱ्या लिंक त्याला सगळ्या ओळखता येत नाहीत, तरी ते टाक. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि गजरासाठी साधं घड्याळ घे. तलफ साधारण वीस-तीस मिनिटांत चढून उतरते, तेवढा वेळ हातात फोन नसला पाहिजे. आणि गाडीच्या कामाची गोष्ट खोटी होती हे आईला सांग. लपवायला काही उरलं नाही की ‘गुपचूप वसूल करू’ या विचारातला जोर निम्मा होतो.

प्रश्न : मटक्यात रोज शंभर रुपयांची एकच जोडी लावतो. चार्ट बघूनच लावतो. कधी ना कधी लागणारच ना?

जोड्या ०० ते ९९, म्हणजे शंभर. भाव एकास नव्वद धरला तर शंभर दिवसांत तुम्ही १०,००० लावता आणि सरासरीने एकदा लागून ९,००० मिळतात. ही झाली सरासरी. सलग शंभर दिवस एकदाही न लागण्याची शक्यता शंभरात जवळजवळ सदतीस आहे. आधीच्या आकड्यांचा पुढच्या आकड्यावर काहीच परिणाम होत नाही, म्हणून चार्ट आणि विकत मिळणारं ‘गेसिंग’ यांचा उपयोग शून्य. हा सगळा हिशेब आकडा प्रामाणिकपणे काढला जातो असं धरून केला आहे, आणि तो तसा काढला जातो हे तपासणारं कुणीही नाही. शिवाय १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात अड्ड्यावर सापडलेला खेळणाराही गुन्हेगार ठरतो.

प्रश्न : दिवाळीत भावंडं जमली की तीन पत्ती होते. यातही धोका आहे का?

बहुतेकांना नाही. घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याहून जास्त जुगारात जाऊ नये आणि महिन्यात चारहून अधिक दिवस खेळू नये, अशी मर्यादा कॅनडातल्या तज्ज्ञांनी घालून दिली आहे. २५ हजारांच्या घराला हे २५० रुपये होतात. ते रोख घेऊन बसा, संपले की उठा, डावात उसने देऊ-घेऊ नका, दारू पिऊन खेळू नका. मात्र वरच्या नऊपैकी चार खुणा ज्याच्यात आहेत त्याला ‘थोडंसं’ खेळून चालत नाही. असा कुणी घरात असेल तर पत्तेच काढू नका.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. आयुष्यात कधी पत्त्याला हात लावला नाही. वर्षभरापासून पेन्शन लॉटरीत घालतात. कंपवाताच्या गोळ्या सुरू आहेत.

त्या गोळ्यांची पाकिटं घेऊन याच आठवड्यात त्यांच्या मेंदूविकार तज्ज्ञांकडे जा. कंपवातावरच्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या औषधांनी काही जणांना जुगार, खरेदी किंवा खाणं आवरेनासं होतं. मानसिक आजारावर दिल्या जाणाऱ्या ॲरिपिप्रॅझोलबाबतही हे दिसलं आहे. मात्रा कमी केली किंवा औषध बदललं की हे बहुधा ओसरतं. गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, हालचाल अचानक बिघडू शकते. आणि वडिलांना बोल लावू नका, वागणं बिघडलंय ते औषधाने.

प्रश्न : ॲपवाले कामाच्या ठिकाणी फोन करतात, फोटो बदलून नातेवाइकांना पाठवू म्हणतात. सावकाराने कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही घेतलीय. आता सगळं संपवावंसं वाटतं. सोलापुरात यावर काही उपचार तरी आहेत का?

आधी तुमचा जीव. हे वाचताय तेव्हाच १४४१६ लावा. ती टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. घरातल्या एका माणसाला ‘मला मरावंसं वाटतंय’ असं याच शब्दांत सांगा आणि आज रात्री एकटे राहू नका. शेतीची औषधं, झोपेच्या गोळ्या घरात असतील तर त्या माणसाच्या ताब्यात द्या. क्षणाचा भरवसा वाटत नसेल तर ११२. घरच्यांनाही सांगतो : थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. जुगाराच्या कर्जात हा धोका फार मोठा असतो.

ॲपवाल्यांचं : रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, आणि धमकी तर कधीच देता येत नाही. स्क्रीनशॉट जपा, ॲपची संपर्क आणि फोटोंची परवानगी काढा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या. एक कर्ज फेडायला दुसरं ॲप उघडू नका.

सावकाराकडे परवाना आहे का ते पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी द्या. कोरा स्टॅम्प कधी, कुठे, कुणासमोर दिला ते त्यात लिहा आणि पोच घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर विचारा. स्त्रियांना ही मदत उत्पन्न कितीही असलं तरी मोफत मिळते.

उपचार आहेत, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, सकाळच्या ओपीडीत केसपेपर काढून मानसोपचार विभागात जा. ‘झोप लागत नाही’ एवढंच सांगून परतू नका. ‘जुगार सुटत नाही’ असं पहिल्या वाक्यात सांगा. तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कर्जाची वही आणि चालू औषधं सोबत न्या, दारू घेत असाल तर तेही सांगा. तुमची माहिती गोपनीय ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे. मुख्य उपचार समुपदेशनाचा, साधारण दर आठवड्याला एक अशा आठ-बारा भेटी. तलफ फार तीव्र असेल तर डॉक्टर कधी नालट्रेक्सोन देतात. त्याआधी यकृताची तपासणी करतात, म्हणून कावीळ होऊन गेली असेल तर न विचारता सांगा. सोबत नैराश्य असेल तर त्याचंही औषध लागतं आणि त्याचा परिणाम दिसायला दोन-चार आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या टाकून देऊ नका.

मध्येच पाय घसरला तर चोवीस तासांत घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा. उपचार तिथून पुढे चालू राहतात, पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत. चार-पाच भेटींनंतर बरं वाटायला लागतं आणि बरेच जण तिथेच येणं थांबवतात. तुम्ही क्रिकेटवर लावत असाल तर भेटी संपल्यानंतरचीही एक तारीख आत्ताच मागून घ्या, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातली, म्हणजे आयपीएलच्या आधीची.