पार्टिशनला डबल बोर्ड लावताय? मग आधी हे वाचा

दादा, वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरात पार्टिशन घालून वेगळी खोली काढायची म्हणजे आवाजाचा प्रश्न येणारच, त्यामुळे दोन्ही बाजूंनी 12.5 एमएमचे दोन-दोन जिप्सम बोर्ड लावताय ते अगदी बरोबर, पण नुसते दोन थर चढवून काही होत नाही हो, सांधे सांध्यावर आले की सगळं फुकट. पहिल्या थराचा जोड ज्या स्टडवर (सांगाड्याच्या उभ्या पट्टीवर) आलाय तिथे दुसऱ्याचा अजिबात येऊ देऊ नका, एक स्टड पुढे सरका. स्टड 600 एमएमवर ठेवा, मधे दार येतंय तिथे डबल.

स्क्रू पहिल्या थराला 25 एमएम, दुसऱ्याला 35 चा, डोकं कागदाच्या किंचित आत जायला हवं पण कागद फाटता कामा नये, फाटला की पकड गेली. कारागीर घाई करतात इथे, उभं राहून बघा.

आणि खालून बोर्ड फरशीला टेकवू नका! 10 एमएम गॅप सोडा आणि सीलंटने भरा. आपल्याकडे पावसाळ्यात विश्वामित्री नदी चढली की तळमजल्याला ओल येते, जिप्सम ती लगेच ओढून घेतो. बाथरूमच्या बाजूला ओल सोसणारा हिरवा बोर्डच घ्या, पैसे वाचवू नका तिथे.

आत रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरा, कडा नीट सील करा, आवाज फटीतूनच जातो. स्विचबोर्ड समोरासमोर नको, दोघांमधे एक स्टड तरी असू दे. टीव्ही लटकवायचाय तर प्लायची पट्टी आत्ताच स्टडमधे बसवून घ्या.