रोजच्या चहा-नाष्टा-माव्याचे शंभर रुपये पुढं जाऊन खरंच लाखात होतात काय?

होतात की. पण तुम्ही जी रील बघून विचारलाय (रोज १०० वाचवा, करोडपती व्हा, तसली) तिच्यात अर्धीच गोष्ट सांगतात. तुम्ही लिहिलंय बेळगावच्या उद्यमबागेत (कारखान्यांच्या भागात) कामाला आहे, पगार २२ हजार, दिवसाला साधारण शंभर रुपये चहा, नाष्टा आणि माव्यात (सुपारी-तंबाखूच्या) जातात, तर हे सगळं बंद करावं काय. मी शहापुरात एका दुकानाचा हिशोब लिहितो, त्यामुळं आकडेमोड हे रोजचंच काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रीलवाला काय करतो, रोजचे १०० म्हणजे महिन्याला ३ हजार, त्यावर १२ टक्के परतावा धरतो, ३० वर्षं धरतो आणि १ कोटी ५ लाख दाखवतो. गणित बरोबर आहे. पण १२ टक्के सलग ३० वर्षं मिळतील असं कोण लिहून देणार नाही, आणि महागाई ६ टक्के धरली तर वस्तूंचे भाव दर १२ वर्षांनी दुप्पट होतात, म्हणजे त्या कोटीत तेव्हा जेवढं येईल तेवढं आज १८ लाखात येतंय. १८ लाख पण काय थोडे नव्हेत म्हणा, पण ते कोटी नव्हेत.

आता जरा जमिनीवरचा हिशोब बघा. शंभरातले ५० वाचवले, महिन्याला १,५०० पीपीएफला (सरकारची १५ वर्षांची बचत योजना) टाकले, सध्याचा दर ७.१ टक्के, तो तसाच राहिला तर १५ वर्षांत तुमचे २ लाख ७० हजार जातात आणि हातात ४ लाख ७३ हजारच्या आसपास येतात, व्याजावर टॅक्स नाही. महागाई काढली तर आजचे दोन लाख समजा. रीलच्या मानानं किरकोळ वाटतील, पण २२ हजाराच्या पगारात एवढी रक्कम दुसरी कुठनं उभी राहणार ते मला सांगा.

पण खरी गोम वेगळीच आहे. हे सगळे हिशोब असं धरून चालतात की तुम्ही चहा प्याला नाही की दहा रुपये आपोआप खात्यात जाऊन पडले. तसं होत नाही. वाचलेला पैसा खिशातच राहतो आणि संध्याकाळी दुसऱ्या कशात तरी जातो. आमची आक्का खानापूरहून रोज बसनं बेळगावला येती, कापड दुकानात कामाला आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली, कंडक्टर शून्याचं तिकीट फाडतो. रोजचे दोन्हीकडचे तिकिटाचे पैसे वाचले म्हणजे वर्षाला चांगली रक्कम झाली की नाही? काही महिन्यांनी मी विचारलो, "आक्का, ते पैसे कुठं गेले गे?" म्हणाली, "घरातच की, आणि कुठं जाणार." घरात म्हणजे कुठं ते तिलापण सांगता येईना. भाजी जरा जास्त, पोरांना कुरकुरे, रिचार्ज मोठा, असं करत जिरले. मग तिनं दुकानात येणाऱ्या पिग्मीवाल्याला (रोज येऊन ठेवीचे थोडे थोडे पैसे घेऊन जाणारा माणूस) सांगून तेवढीच रक्कम रोज द्यायला लागली, तेव्हा कुठं पैसे दिसायला लागले.

पिग्मी आपल्याकडं कुणाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्या कर्नाटकातलीच चीज आहे ती, उडुपीकडं सिंडिकेट बँकेनं १९२८ साली सुरू केली, रोज दारात येऊन दोन आणे घेऊन जायचे. व्याज फार मिळत नाही हे खरं, मधेच मोडली तर त्याहून कमी. पण माणूस समोर येऊन उभा राहतो, हातातलं मशीन टिकटिक करत चिठ्ठी काढतो, मग "आज नको" म्हणायला जीभ वळत नाही. माझ्या मते व्याजापेक्षा ह्या लाजेची किंमत जास्त आहे. रोज ५० पिग्मीला द्या, वर्ष झालं की रक्कम उचलून पीपीएफला भरा. एकदम भरल्यामुळं वरच्या हिशोबापेक्षा थोडे कमी येतील, चालतंय. ज्यांना पगारातनं महिन्याच्या महिन्याला परस्पर कापून घेता येतंय त्यांनी पिग्मीच्या भानगडीत पडू नये, थेट आरडी (दर महिन्याला ठराविक रक्कम भरायची ठेव) नाहीतर पीपीएफ लावावं.

आता कुठले ५० काढायचे? चहा सोडू नका असंच मी सांगीन. टपरीवर चौघं उभी राहून बाय टू (एक चहा दोघांत) मारतात तिथंच कुठल्या कंपनीत भरती चालू आहे, कोण ओव्हरटाईम देतंय ते कळतं. नाष्टा तर लागणारच, पहाटेची शिफ्ट उपाशी पोटानं काढून काय वाचवणार. राहिला मावा. गुटखा कर्नाटकात २०१३ ला बंद झाला, तेव्हापासनं पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, पोरं दोन्ही फाडून एकात ओततात, बोटानं हलवतात आणि तोंडात टाकतात. मावा तर तयारच मिळतो. ह्याचा खर्च ३६५ नं गुणून कळत नाही, कारण एकाचे दोन आणि दोनाचे चार होतात, आणि पुढं तोंड उघडेना झालं की दवाखान्याचं बिल सगळ्या पिग्म्या खाऊन टाकतं. सुपारी आणि तंबाखू दोन्हीनं तोंडाचा कॅन्सर होतो, ह्यात आता वाद नाही.

तुमच्या यादीत नसलेलं एक सांगतो, शंभराच्या नादात ते राहून जातं. फोनचा हप्ता आणि ऑटोपे (खात्यातनं आपोआप कापले जाणारे पैसे). नो कॉस्ट ईएमआय म्हणतात त्यात प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुतेक वेळा आपल्याच बोकांडी बसतो. क्रेडिट कार्डचं मिनिमम भरून बाकी पुढं ढकललं तर वर्षाला ४० टक्क्याच्या आसपास व्याज लागतं, तिथं पीपीएफचे ७ टक्के काय पुरणार. असली उधारी असेल तर बचत नंतर, आधी ती फेडा. फोनमधली यूपीआयची हिस्टरी एका महिन्याची काढा, कागदावर उतरवा, माव्यापेक्षा मोठं भोक बहुतेक तिथंच सापडेल.

आणि पिग्मी लावताना ती बँकेची आहे की क्रेडिट सोसायटीची ते आधी विचारा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखापर्यंत विमा असतो, सोसायटीतल्या ठेवीला तो लागू नाही, आणि आपल्याकडं गल्लीगल्लीत सोसायट्या आहेत. सोसायटीचीच असेल तर तिथं वर्षाच्यावर रक्कम साठू देऊ नका. पीपीएफ पोस्टात उघडता येतं. भरायचे ते महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर धरत नाहीत.