पाडव्याच्या ऑफरमधलं मॉड्युलर किचन करारनाम्यात का नाही?

प्रश्न : पुण्यात वाघोलीला बांधकाम सुरू असलेल्या एका प्रकल्पात आम्ही नवरा-बायकोने दोन बीएचके बुक केला. किंमत ७२ लाख, जीएसटी वेगळा. बुकिंगचे ५ लाख चेकने दिले. पाडव्याच्या ऑफरमध्ये मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क कंपनी भरणार, मॉड्युलर किचन, दोन एसी, एक कव्हर्ड पार्किंग आणि दोन वर्षं मेंटेनन्स मोफत, असं होतं. ऑफरचं छापील पत्रक आमच्याकडे आहे. किचन-एसीचा तपशील सेल्सच्या मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवला होता. आता करारनाम्याचा मसुदा आला, त्यात यातलं काहीच नाही. तो मुलगा नोकरी सोडून गेला. नवीन मॅडम म्हणतात, "मसुदा महारेराच्या साइटवर टाकलेला असतो, त्यात बदल होत नाही. लेटरहेडवर पत्र देऊ. नाहीतर २ लाख डिस्काउंट घ्या आणि ऑफर सोडा." पुढच्या गुरुवारी नोंदणी ठरली आहे. अलॉटमेंट लेटर मिळून ९ दिवस झाले. सही करावी का?

उत्तर : या मसुद्यावर गुरुवारी सही करू नका.

मसुद्यात ऑफर नुसती राहून गेली आहे, असं तुम्हाला वाटतंय. पण शेवटची पानं उघडून दोन कलमं वाचा. एक कलम म्हणतं की मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घर घेणारा करेल. म्हणजे ऑफरच्या बरोबर उलट गोष्टीखाली तुम्ही सही करणार आहात. दुसरं 'संपूर्ण करार' या मथळ्याचं असतं. हा करारनामा आणि त्याची परिशिष्टं हाच दोघांमधला पूर्ण करार असून आधीचं अलॉटमेंट लेटर, पत्रव्यवहार, लेखी-तोंडी बोलणी सगळं यात संपलं, असा त्याचा अर्थ. हे कलम महाराष्ट्राच्या आदर्श मसुद्यातच आहे, त्यामुळे बिल्डरने लबाडीने घातलं असं म्हणता येत नाही. पण त्याचा परिणाम असा की तुमचं व्हॉट्सॲप, पत्रक आणि करारनाम्याच्या आधीच्या तारखेचं लेटरहेडवरचं पत्र, तिन्ही सही होताच दुबळी होतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ९५सुद्धा तेच सांगतं : लेखी कराराच्या अटींना छेद देणारी तोंडी बोलणी पुराव्यात येत नाहीत.

मग व्हॉट्सॲपला काहीच किंमत नाही का? आहे. रेरा कायद्यात (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा; त्याची राज्यातली नियामक यंत्रणा म्हणजे महारेरा) 'जाहिरात' या शब्दाची व्याख्या रुंद आहे, कुठल्याही माध्यमातून केलेली प्रसिद्धी तीत बसते. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर कलम १२ खाली भरपाई मागता येते किंवा व्याजासह पूर्ण पैसे परत घेऊन बाहेर पडता येतं. पण ती तक्रार, सुनावण्या, वकील अशी लांबची वाट आहे. करारनाम्याच्या परिशिष्टातल्या चार ओळी तुम्हाला त्या वाटेवर जाऊच देत नाहीत. पुरावा मात्र आजच सांभाळून ठेवा. मूळ फोनमधला चॅट पुसू नका, तो एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ई-मेलवर पाठवा. पत्रकाच्या दोन्ही बाजू स्कॅन करा. क्यूआर कोड आणि महारेरा क्रमांक दिसला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते देताना मूळ फोन हाताशी असलेला बरा.

"मसुद्यात बदल होत नाही" हे अर्धंच खरं आहे. महारेराने काही कलमं बदलायची नाहीत असं ठरवलं आहे : अपरिहार्य आपत्ती, चटई क्षेत्र, दोषदायित्वाचा काळ (बांधकामातले दोष बिल्डरने दुरुस्त करून द्यायची मुदत), अभिहस्तांतरण (सोसायटीच्या नावे मालकी करून देणं) वगैरे. घर घेणाऱ्याच्या संरक्षणासाठीच तो नियम आहे, त्याच्या विरोधात वापरण्यासाठी नाही. तुमची सदनिका, तिची किंमत, हप्ते, पार्किंगचा क्रमांक, वैशिष्ट्यांचं परिशिष्ट या जागा प्रत्येक ग्राहकासाठी भरायच्याच असतात. त्यात तुमचं किचन लिहायला महारेराची आडकाठी नाही.

आता २ लाखांच्या डिस्काउंटचा हिशेब. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के पडतं. ७२ लाखांवर ५,०४,००० रुपये, आणि नोंदणी शुल्काचे कमाल ३०,०००. कंपनीने मान्य केलेली ही एकच गोष्ट ५,३४,००० ची आहे. किंमत २ लाखांनी उतरली तर त्यावरचं ७ टक्के मुद्रांक आणि ५ टक्के जीएसटीही वाचतं, म्हणजे खरा फायदा २,२४,०००. किचन, एसी, पार्किंग न धरताही तुमचे तीन लाखांवर जातात. मॅडमचा प्रस्ताव नाकारा.

किंमत कमी करून घेणं ही कल्पना मात्र मुळात वाईट नाही. "मुद्रांक तुम्ही भरू नका, त्याऐवजी ४,७७,००० रुपये किंमत कमी करा" असं म्हणता येईल. ६७,२३,००० वर मुद्रांक ४,७०,६१०, नोंदणी ३०,००० आणि जीएसटी ३,३६,१५० धरून एकूण खर्च ७५,५९,७६० होतो. ऑफर जशीच्या तशी पाळली तर ७२ लाख अधिक ३,६०,००० जीएसटी, म्हणजे ७५,६०,०००. दोन्ही सारखंच, पण किंमत कमी झालेली करारनाम्याच्या पहिल्या पानांवर दिसते आणि पुढे कुणी नाकारू शकत नाही. दोन गोष्टी आधी तपासा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) भाव यांतल्या जास्त रकमेवर लागतं; तुमच्या घराचा रेकनरचा भाव ६७,२३,००० च्या वर असेल तर वरचा हिशेब मोडतो. दुसरं बँकेचं. ८० टक्के कर्ज मंजूर असेल तर ७२ लाखांवर ५७,६०,००० मिळतं, ६७,२३,००० वर ५३,७८,४००. म्हणजे आत्ता खिशातून सुमारे ३,८१,६०० जास्त उभे करावे लागतील. ती सोय नसेल तर मुद्रांक कंपनीनेच भरावं असा आग्रह धरा.

तसं ठरलं तर कलम असं हवं ('प्रवर्तक' म्हणजे बिल्डर, 'ग्रास' म्हणजे सरकारी भरणा ऑनलाइन करायची सोय) : "मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्काची संपूर्ण रक्कम प्रवर्तक भरेल, प्रवर्तकाने ती नोंदणीपूर्वी ग्रास चलनाद्वारे भरली आहे." 'आधी तुम्ही भरा, आम्ही पझेशनला वळते करू' याला हो म्हणू नका. नोंदणीनंतरच्या कॅशबॅकलाही नको. बँकेला ७२ लाख दाखवून बाहेरून पैसे परत घेणं हे बँकेपासून लपवलेलं डिस्काउंट ठरतं, त्यात अडकाल तुम्ही. आणखी एक : घर फक्त पत्नीच्या नावे घेतलं तर मुद्रांक १ टक्का कमी, म्हणजे ७२,००० वाचतात. पतीचं नाव जोडलं की सवलत जाते. कंपनीच भरणार असेल तर हा फायदा तिचा होतो, म्हणून त्याच्या मोबदल्यात काही मागायला जागा आहे. मात्र घराची मालकी कुणाच्या नावे असावी, हे ७२,००० रुपयांकडे बघून ठरवू नका.

वस्तूंच्या बाबतीत भांडण नेहमी शब्दांवर होतं. "ब्रँडेड मॉड्युलर किचन" या तीन शब्दांत पार्टिकल बोर्डाचं कपाटही बसतं. दोन पावसाळ्यांत सिंकखाली ते फुगतं आणि बिजागऱ्या निसटतात. परिशिष्टात हे लिहून घ्या : ओट्याखालची आणि वरची कपाटं किती धावते फूट, सांगाडा १८ मिमी वॉटरप्रूफ प्लायवूडचा, आयएस ७१० शिक्क्याचा, दारांना लॅमिनेट की ॲक्रिलिक, ड्रॉवर किती, सॉफ्ट-क्लोज का, चिमणी किती सेंटिमीटर, तिचं भोक आणि इलेक्ट्रिक पॉइंट कोण करणार, सिंक ३०४ ग्रेड स्टीलचं. "किंवा समतुल्य" हे शब्द काढून टाका, किंवा त्यापुढे "खरेदीदाराच्या लेखी संमतीने" जोडा. एसीचंही तसंच : दीड टन, इन्व्हर्टर, पझेशनच्या वर्षीच्या लेबलनुसार ५ स्टार, तांब्याची पाइप, स्टँड, ड्रेन आणि बसवणी धरून. नाहीतर दोन खोकी हॉलमध्ये ठेवून जातात आणि जादा पाइपचे पैसे तुम्ही मोजता. बिल तुमच्या नावाचं आणि पझेशनच्या महिन्यातलं असू द्या, कारण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धावते. किचनसाठी "वेगळा फर्निचर करार करू" असं सुचवलं तर सावध राहा. त्या वेगळ्या कामावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो, आणि ते काम रेराच्या करारातून बाहेर पडतं.

पार्किंग मोफत म्हणतात तेव्हा नक्की काय मोफत, हे बघा. उघडं पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही, त्यामुळे ते "फुकट" देण्यात त्याचं काहीच जात नाही. तुम्हाला कव्हर्ड सांगितलं आहे, तर करारात क्रमांक, मजला, लांबी, रुंदी, उंची आणि नकाशावर रंगवलेली जागा हवी. महारेराने २०२४ मध्ये पार्किंगचा हा तपशील करारनाम्याला जोडणं सक्तीचं केलं आहे. अडीच बाय पाच मीटरच्या जागेत मध्ये खांब येत नाही ना, आणि जागा मेकॅनिकल (यंत्राने गाडी वर-खाली करणारी) असेल तर तुमची गाडी त्या उंचीत बसते का, हे आत्ताच बघा. पुढची देखभाल कोण करणार तेही विचारा.

मेंटेनन्सचे दोन वर्षं कधीपासून मोजणार? पझेशन घ्या अशी नोटीस आल्यापासून मोजले आणि तुम्ही सहा महिन्यांनी राहायला गेलात, तर सवलतीचा चौथा हिस्सा गेला. मधे सोसायटी झाली की ती आपली वर्गणी लावते आणि बिल्डर हात वर करतो. चटई क्षेत्र ६५० चौरस फूट आणि दर महिना फुटाला ४ रुपये धरले, तर २४ महिन्यांचे ६२,४०० होतात. पझेशनच्या वेळी जी आगाऊ मेंटेनन्सची रक्कम घेतात, तीतून ही वजा करून द्या, असं लिहून मागा.

वस्तू वेळेत मिळाव्यात याची खात्री शेवटच्या हप्त्यात आहे. आदर्श मसुद्यातल्या टप्प्यांप्रमाणे पैशांचा ९५ टक्के भाग लिफ्ट, पंप, विजेची कामं होईपर्यंत जातो आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देताना द्यायचे असतात. तुमच्या बाबतीत ते ३,६०,०००. किचन आणि एसीची किंमत दोघांनी मिळून करारात ठरवा, समजा २,५०,०००, आणि लिहा की ताब्याच्या दिवशी ही कामं पूर्ण नसतील तर खरेदीदार तेवढी रक्कम शेवटच्या हप्त्यातून राखून ठेवेल, त्यावर व्याज किंवा दंड लागणार नाही. हप्ता बँक देते, म्हणून या कलमाची प्रत बँकेलाही द्या. नाहीतर बिल्डरचं हप्ता मागणारं डिमांड लेटर आलं की पैसे निघून जातात.

बिल्डर काही गोष्टींवर अडलाच, तर त्याला आत्ता स्वस्त आणि तुम्हाला नंतर महाग पडणाऱ्या गोष्टी मागा : बेडरूममध्ये एसीचे पाइप आणि पॉइंट, इन्व्हर्टरची वायरिंग, वॉशिंग मशीनची नळजोडणी, मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत गाडी चार्जिंगच्या केबलसाठी कॉन्ड्यूट, म्हणजे वायर ओढायची नळी. भिंती उभ्या राहण्याआधी हे काम थोडक्यात होतं. प्लास्टर झाल्यावर त्यासाठी भिंत फोडावी लागते.

आता दिवस मोजा. महारेराच्या नमुन्यातल्या अलॉटमेंट लेटरप्रमाणे पत्र दिल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर काही कापत नाहीत. १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० मध्ये दीड, त्यानंतर २ टक्के. तुमच्यासाठी ते ७२,०००, १,०८,००० आणि १,४४,०००. बाकीचे पैसे ४५ दिवसांत परत द्यायचे. तुमच्या पत्रात हेच आकडे आहेत का ते वाचा. ९ दिवस गेले, म्हणजे सहाच हातात आहेत. ऑफर न पाळल्यामुळे बाहेर पडत असाल तर कपात मान्य नाही आणि कलम १२ खाली व्याजासह पूर्ण रक्कम हवी, हे लेखी कळवा. पण पंधराव्या दिवसाच्या आत कळवलंत तर तो वाद होणारच नाही.

आजच कंपनीच्या अधिकृत ई-मेलवर लिहा : "पाडव्याच्या ऑफरवर विसंबून आम्ही सदनिका बुक केली. पत्रक आणि संदेश जोडले आहेत. सोबतची पाच कलमं (मुद्रांक, किचन-एसी, पार्किंग, मेंटेनन्स, शेवटचा हप्ता) करारनाम्यात व परिशिष्टात घालून सुधारित मसुदा तीन दिवसांत पाठवावा. तोपर्यंत नोंदणी पुढे ढकलावी." मंजूर झालेलं कर्ज सहसा काही महिने वैध असतं, त्यामुळे "कर्जाची मंजुरी संपेल" या घाईला बळी पडू नका. किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय घेता येत नाही. तुम्ही ७ टक्क्यांच्या आत आहात, तेव्हा "आणखी ५ लाख भरा, मग बोलू" याला नकार द्या.

लेटरहेडवरचं पत्र शेवटचा पर्याय म्हणूनच. घ्यावंच लागलं तर ते नोंदणीच्या दिवशीच्या किंवा नंतरच्या तारखेचं असावं, करारनाम्याचा दस्त क्रमांक त्यात असावा, करारनाम्यावर ज्याची सही तीच व्यक्ती त्यावर सही करो, आणि "संपूर्ण करार कलमाला अपवाद म्हणून" हे शब्द असोत. याहून चांगला मार्ग म्हणजे नोंदणीकृत पुरवणी करारनामा.

सुधारित मसुदा ई-मेलवर मंजूर केलात तरी दुय्यम निबंधक कार्यालयात तुमच्यासमोर येणारी प्रत वेगळी प्रिंट असते. जुनं परिशिष्ट त्यात राहून जाणं नेहमीचं आहे. फोटो आणि अंगठ्याच्या आधी मंजूर प्रत शेजारी ठेवून पाच जागा पडताळा : किंमत, मुद्रांकाचं कलम, पार्किंगचं परिशिष्ट, वैशिष्ट्यांचं परिशिष्ट, शेवटच्या हप्त्याचं कलम. एकही जुळत नसेल तर कार्यालयातलं रांगेचं टोकन सोडून द्या आणि दुसऱ्या दिवसाची वेळ घ्या.