स्मृतिचषकाआधी घरच्यांना विचारा

प्रश्न : आमच्या गावचे एक जुने फुटबॉल खेळाडू मे महिन्याच्या अखेरीस वारले. मुंबईत नोकरीला असताना ते कंपनीच्या संघातून स्टॉपर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी, खेळत आणि निवृत्तीनंतर गावी येऊन त्यांनी आमच्याकडच्या मुलांना हा खेळ शिकवला. शेवटची काही वर्षे त्यांची स्मृती गेली होती. ते आम्हालाही ओळखत नसत. मंडळातील काहींना दिवाळीनंतर त्यांच्या नावाने प्रकाशझोतातील मोठी स्पर्धा भरवायची आहे, काहींना त्यांचा पाच क्रमांक कायमचा बाद करायचा आहे, म्हणजे त्या क्रमांकाचा शर्ट पुन्हा कोणाला द्यायचा नाही, तर काहींच्या मते मैदानाच्या कडेला चिऱ्याचा चौथरा बांधून पाटी बसवावी. घरचे यावर काहीच बोलत नाहीत. काय करणे योग्य ठरेल?
— एक कार्यकर्ता, सावंतवाडी तालुका

उत्तर : घरचे काही बोलत नाहीत, याचा अर्थ त्यांची संमती आहे असा कृपया घेऊ नये. स्मृती गेलेल्या माणसाला सांभाळणे म्हणजे काय असते ते त्या घराने वर्षानुवर्षे अनुभवले आहे, आणि त्या काळात गावातून कोण किती वेळा डोकावले याचाही हिशेब त्यांच्या मनात असणार. तेव्हा मंडळाने ठराव करून, त्याची प्रत घेऊन जाण्याऐवजी, ज्यांना त्यांनी स्वतः शिकवले अशा दोघा-तिघांनीच जाऊन काकींजवळ, म्हणजे त्यांच्या पत्नीजवळ, बसावे. कोणता फोटो लावलेला त्यांना आवडेल, आजारपणाचा उल्लेख जाहीरपणे करावा की नाही, आणि कार्यक्रमाला यायची त्यांची इच्छा आहे का, एवढेच विचारावे. व्यासपीठावर बसवून हाती नारळ आणि शाल देणे हा सन्मान आहे असे आपण धरून चालतो. पण माईकवरून नवऱ्याचे गुणगान चालू असताना शेकडो लोकांसमोर मान खाली घालून बसणे ही पुष्कळ बायकांना शिक्षाच वाटते.

दुसरे काम नोंदीचे आहे, आणि माझ्या मते आपल्या तिन्ही प्रस्तावांपेक्षा ते अधिक निकडीचे आहे. मुंबईच्या कंपनी-संघांतून खेळलेल्या कोकणी माणसांची कारकीर्द बहुधा एखाद्या ट्रंकेत असते : वर्तमानपत्रांची पिवळी पडलेली कात्रणे, एखादे पदक, आणि संघाचा एक समूहफोटो, ज्याच्या पाठीमागे बॉलपेनने नावे लिहिलेली असतात. आपल्या हवेत अशा फोटोला एका पावसाळ्यात बुरशी धरते आणि ती आधी चेहऱ्यांवरच चढते. घरच्यांनी परवानगी दिली तर तो फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करून घ्यावा, मूळ प्रत तशीच परत करावी, आणि पाठीमागच्या नावांपैकी जे हयात असतील त्यांना गाठावे. कोणी कल्याणला असेल, कोणी गावीच परतला असेल. आपले खेळाडू मुंबईच्या कूपरेज मैदानावर कोणाविरुद्ध खेळले, तिथल्या जुन्या रोव्हर्स चषक स्पर्धेत उतरले होते की नाही, चेंडू कोणत्या पायाने काढत, हे सांगणारी माणसे आणखी दहा वर्षांनी उरणार नाहीत. भाषणात “राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू” असे मोघम म्हणण्यापेक्षा अमुक वर्षी अमुक संघातून खेळले, असे अचूक सांगावे; खेळाडूचा मान त्याने जे केले त्यातच असतो, आणि जे केले नाही ते त्याच्या नावावर चढवले तर जुने सहकारी मनातल्या मनात हसतात.

नेव्हिल डिसूझा यांचे उदाहरण घ्या. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवले, त्यांतले तीन गोल या मूळच्या गोव्याच्या, पण मुंबईत खेळलेल्या खेळाडूचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोलांची हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. ते १९८० मध्ये गेले. वांद्र्याला त्यांच्या नावाचे मैदान आहे. या मैदानाच्या नावाला जे वजन आहे ते त्या एका दुपारच्या सामन्याची नोंद शिल्लक राहिल्यामुळे आहे. आपल्या खेळाडूचा असा सामना कोणता, हे आधी शोधावे.

आता आपले तीन प्रस्ताव. मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेला माझा विरोध आहे, आणि तो स्पष्ट सांगतो. बक्षीस मोठे झाले की संघ बाहेरून पाहुणे खेळाडू पैसे देऊन आणतात, गावची मुले राखीव खेळाडूंत बसतात, फ्लेक्सवर आमदारकीच्या इच्छुकांचे चेहरे मोठे होत जातात आणि ज्यांच्या नावाने हे सारे चालले आहे त्यांचा फोटो कोपऱ्यात तिकिटाएवढा उरतो. पहिल्या वर्षी जेवढा गाजावाजा, तेवढीच तिसऱ्या वर्षी प्रायोजकांची पळापळ. त्याऐवजी वर्षातून एकच सामना ठेवावा, जुन्या शिष्यांचा आजच्या मुलांशी. त्यासाठी लागतो एक चेंडू, एक पंच आणि सामन्यानंतर चहा-वडा. दिवस मृत्यूचाच हवा असे नाही. पी. के. बॅनर्जी २० मार्च २०२० रोजी गेले, पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांच्या स्मरणार्थ निवडला तो २३ जून हा त्यांचा जन्मदिवस, आणि तो तळागाळातील फुटबॉलसाठी, म्हणजे लहान मुलांच्या खेळासाठी पाळला जातो. आपल्याकडे मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि चाकरमानीही गावी आलेले असतात, ही सोयही लक्षात घ्यावी.

क्रमांक बाद करण्याची प्रथा मोठ्या क्लबांत आहे. आपल्या शेजारी गोव्यात डेम्पो संघाने १० क्रमांक बाद केला, तो ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोलरक्षकाशी टक्कर होऊन मैदानावरच गेलेल्या ख्रिस्तियानो ज्युनिअर या ब्राझिली आघाडीवीरासाठी. ती अकाली आणि भीषण घटना होती. तिथे रिकामा क्रमांक शोभून दिसतो. भरले आयुष्य जगून गेलेल्या शिक्षकाचा क्रमांक मात्र कोणाच्या तरी पाठीवर असावा असे मला वाटते. दरवर्षी बचावफळीतल्या एका मुलाला पाच क्रमांकाचा शर्ट द्यावा आणि देताना तो कोणाचा होता ते सांगावे. तरीही मंडळाला बादच करायचा असेल तर घाई नको. इंग्लंडला १९६६ चा विश्वचषक जिंकून देणारे कर्णधार बॉबी मूर १९९३ मध्ये गेले. त्यांच्या वेस्ट हॅम क्लबने सहा क्रमांक बाद केला तो २००८ मध्ये.

चौथऱ्याबद्दल थोडक्यात. जागा देवस्थानची, ग्रामपंचायतीची की खाजगी, ते आधी तपासावे आणि लेखी परवानगी घ्यावी. चिऱ्यावर शेवाळ धरायला दोन पावसाळे पुरतात. दरवर्षी ते खरवडणार कोण, याचे नाव कागदावर येत नसेल तर चौथरा बांधू नये.

राहिला त्यांच्या आजाराचा विषय, जो आपण ओझरता लिहिला आहे. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या इंग्लिश क्लबचे जेफ ॲस्टल हे डोक्याने गोल करण्यासाठी प्रसिद्ध असलेले आघाडीवीर २००२ मध्ये ५९ व्या वर्षी स्मृतिभ्रंशाने गेले. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे जड चामडी चेंडू डोक्याने मारल्यामुळे जडलेला हा व्यवसायजन्य आजार असल्याचा निष्कर्ष दिला, तरी त्यापुढे फार काही घडले नाही. तेव्हा कुटुंबाने मोहीम उघडली आणि २०१४ पासून त्या क्लबचे चाहते सामन्याच्या नवव्या मिनिटाला, कारण ॲस्टल यांचा क्रमांक नऊ होता, उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्या टाळ्यांत प्रेम होते तशी मागणीही होती : यावर संशोधन करा. २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची माहिती सर्वसामान्य लोकांच्या माहितीशी ताडून पाहिली, तेव्हा मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण खेळाडूंत सुमारे साडेतीन पट आढळले. पुढच्या अभ्यासात बचावपटूंत हा धोका सर्वाधिक आणि गोलरक्षकांत सर्वसामान्यांइतकाच दिसला. २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग, म्हणजे चेंडू डोक्याने मारणे, करू देऊ नये असे ठरवले.

आपल्या खेळाडूचा आजार हेडिंगमुळेच झाला असे यावरून म्हणता येणार नाही. म्हातारपणी असा आजार चेंडूला कधी डोके न लावलेल्यांनाही होतो, आणि असा तर्क काकींसमोर मांडणे तर निर्दयपणाचे ठरेल. पण ज्या स्टॉपरने आपल्याला उंच चेंडू डोक्याने परतवायला शिकवले, त्याच्या नावाने मंडळाने लहान मुलांच्या सरावातून हेडिंग काढून टाकले, आणि गावातले जे इतर जुने खेळाडू आज घरात पडून आहेत त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जाण्याची पाळी मुलांत लावून दिली, तर तो सन्मान मला प्रकाशझोतातल्या स्पर्धेपेक्षा मोठा वाटतो. ज्यांना आज नावे आठवत नाहीत, त्यांच्याही पायापुढे चेंडू ठेवला तर पाय हलतो, हे अशा घरांत गेलेल्यांना माहीत असते.

प्रश्न : आमच्या संघाचा ज्यांच्याशी उभा दावा, त्या संघाचे एक माजी आघाडीवीर नुकतेच गेले. त्यांनी आम्हाला अनेकदा हरवले आणि मैदानावरचे त्यांचे वागणेही फारसे चांगले नव्हते. आमच्या मोबाईलवरच्या गटात त्यांच्यावर विनोद फिरत आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच मैदानावर सामना आहे आणि एक मिनिट स्तब्धता पाळली जाणार आहे. आमच्यातले काही जण गोंधळ घालतील अशी मला भीती वाटते.
— एक वाचक भगिनी, वेंगुर्ले

उत्तर : ताई, आपल्या लोकांना मँचेस्टरची गोष्ट सांगा. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या धावपट्टीवर विमान कोसळून २३ माणसे गेली. त्यांत मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू होते. पन्नास वर्षांनी, फेब्रुवारी २००८ मध्ये, स्मृतीचा सामना आला तो नेमका शहरातल्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांशी, मँचेस्टर सिटीशी. सिटीचे प्रेक्षक शांत राहतील का, याची आधी कित्येक दिवस चर्चा चालली होती. ते राहिले, आणि मग त्यांच्या संघाने सामनाही २–१ असा जिंकला. त्या विमानात फ्रँक स्विफ्ट हेही होते, सिटीचे जुने गोलरक्षक, जे निवृत्तीनंतर पत्रकार म्हणून युनायटेडबरोबर गेले होते. वैऱ्याच्या अपघातात आपलाही माणूस असतो, तो असा.

गेलेल्या खेळाडूचे वागणे वाईट होते तर त्याची स्तुती करण्याची सक्ती आपल्यावर नाही. मिनिटभर गप्प राहणे म्हणजे प्रशस्तिपत्र देणे नव्हे. गोंधळाची शंका असेल तर यजमानांना स्तब्धतेऐवजी मिनिटभर टाळ्या सुचवाव्यात. इटलीत ही रीत जुनी आहे, आणि २००५ मध्ये युनायटेडचे जुने खेळाडू जॉर्ज बेस्ट गेले तेव्हा इंग्लंडमधल्या काही मैदानांनीही ती स्वीकारली. टाळ्यांत एखाद्याची शिट्टी बुडून जाते, हा तिचा व्यावहारिक फायदा आहे. पण मुख्य गोष्ट अशी की आपल्या कर्णधाराने यजमान कर्णधाराबरोबर हार घालायला पुढे जावे. आपला माणूस मैदानाच्या मध्यभागी उभा असताना मागून हुर्यो करायला आपलीच पोरे कचरतात. गटातल्या विनोदांचे म्हणाल, तर त्या खेळाडूची नातवंडे याच तालुक्यात शाळेत जातात आणि मोबाईल त्यांच्याही घरी आहे, एवढे लिहून पाहावे.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीतले काही तरुण लिव्हरपूलचे चाहते आहोत. दियोगो जोटा गेले तेव्हा आम्ही मेणबत्त्या लावल्या, तर घरच्यांनी “कोण कुठला तो” म्हणून थट्टा केली. परदेशी खेळाडूसाठी इथे काही करणे खरोखर हास्यास्पद आहे का?

उत्तर : नाही. वर्षानुवर्षे ज्याच्यासाठी रात्री जागलात, त्याच्या जाण्याचे दुःख खरेच असते. ३ जुलै २०२५ रोजी स्पेनमधल्या मोटार अपघातात जोटा आणि त्यांचे धाकटे भाऊ, तेही फुटबॉलपटू, असे दोघेही गेले. क्लबने त्यांचा २० क्रमांक बाद केला. आपल्याला इथे काही करायचे असेल तर मेणबत्त्यांपेक्षा कोलकात्याचा पायंडा पाहावा. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात दंगल आणि चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. तो दिवस तिथे फुटबॉलप्रेमी दिन म्हणून रक्तदान करून पाळतात. मुंबई-गोवा महामार्गावरचे अपघात आपल्याला सांगायला नकोत. २० क्रमांकाचे शर्ट घालून जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीत जा. घरचे थट्टा करणार नाहीत, आणि केली तरी रक्त वाया जाणार नाही.

प्रश्न : स्मृतिसामन्यात गोल केल्यावर शर्ट काढून आत घातलेला गुरुजींचा फोटो दाखवला तर चालेल का?
— मालवण

उत्तर : भावना समजते, पण पिवळे कार्ड मिळेल. नोव्हेंबर २०२० मध्ये मॅराडोना गेल्यावर मेस्सीने गोल करून बार्सिलोनाचा शर्ट काढला आणि आत घातलेला न्यूवेल्स ओल्ड बॉइजचा, मॅराडोनाही एकेकाळी खेळले त्या अर्जेंटिनातल्या क्लबचा, शर्ट दाखवला. पंचांनी त्यालाही कार्ड दाखवलेच. फोटो छापलेले शर्ट सामन्याआधीच्या सरावात सर्वांनी घालावेत आणि सामन्यात दंडाला काळी फीत बांधावी. पंचांना नाणेफेकीपूर्वी कल्पना द्यावी, आणि फिती आदल्या दिवशीच शिवून घ्याव्यात. ऐनवेळी सेफ्टी पिनेने लावलेली फीत पंच काढायला लावतात.