प्रेक्षकगटाला प्रशिक्षकाचं नाव द्यावं का?

प्रश्न : मुलगा अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकतो. तिथे बास्केटबॉलच्या विद्यार्थी-प्रेक्षकगटाला नाव हवंय. निम्मी मुलं लाडक्या प्रशिक्षकाच्या नावावर अडून बसलीत. काय सुचवावं?

उत्तर : प्रशिक्षकाचं नाव टाळलेलंच बरं. पर्ड्यू विद्यापीठात जीन केडींच्या नावावरून ‘जीन पूल’ असा गट होता. २००५मध्ये केडी निवृत्त झाले आणि नवे प्रशिक्षक मॅट पेंटर यांच्यावरून गटाला ‘पेंट क्रू’ व्हावं लागलं. उलट ड्यूक विद्यापीठाच्या ‘कॅमेरॉन क्रेझीज’चं नाव स्टेडियमवरून आलंय, प्रशिक्षक बदलला तरी ते टिकलं. मिशिगन स्टेटचं ‘इझोन’ टॉम इझोंवरून आहे खरं, पण इझो तिथे १९९५पासून मुख्य प्रशिक्षक आहेत. असा माणूस प्रत्येकाला कुठून मिळणार?

नाव दोन-तीन शब्दांत संपावं, टी-शर्टवर छातीभर बसावं. मुख्य म्हणजे पाच-सहा जणांनी एका दमात चार वेळा ओरडून बघावं. जोडाक्षरांत जीभ अडखळली की तिसऱ्या वेळेला ताल तुटतो.

मतदान सगळ्यांना खुलं ठेवलं की टवाळ नावच जिंकतं, म्हणून आधी समितीने चार नावं निवडावीत आणि मत विद्यापीठाच्या लॉगिनवरूनच घ्यावं. मात्र त्याआधी ट्रेडमार्क तपासा. ‘ट्वेल्फ्थ मॅन’ (प्रेक्षक म्हणजे संघाचा बारावा खेळाडू) या नावावर टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा हक्क आहे, त्यावरून त्यांनी २००६मध्ये सिॲटल सीहॉक्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघालाही कोर्टात खेचलं होतं. शर्टावर विद्यापीठाचं चिन्ह येणार असेल तर परवाना छपाईआधी घ्या, नाहीतर गठ्ठे खोलीतच पडून राहतील.