अकॅलेशियासाठी फुगा, शस्त्रक्रिया की पोएम?

बडोद्यातील आपल्या आईंना अकॅलेशियाचे, म्हणजे अन्ननलिकेची झडप सैल न पडल्याने गिळणे अवघड होण्याच्या विकाराचे, निदान झाले असून कोणता उपचार घ्यावा असे आपण विचारले आहे. तेव्हा उपचार निवडण्यापूर्वी मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतील दाब मोजण्याची तपासणी, करून त्याचा प्रकार निश्चित करून घ्यावा. अन्ननलिकेच्या तळाची झडप तिन्ही प्रकारांत सैल पडत नाही. परंतु तिसऱ्या प्रकारात नलिकेलाच पेटके येत असल्यामुळे, जपानमध्ये डॉ. इनोउए यांनी २००८ साली सुरू केलेली पोएम, म्हणजे तोंडावाटे दुर्बिणीने स्नायू छेदण्याची पद्धत, मला अधिक योग्य वाटते, कारण त्यात छेद हवा तितका वर नेता येतो. पहिल्या दोन प्रकारांत फुग्याने झडप ताणणे किंवा हेलर शस्त्रक्रिया, म्हणजे पोटावाटे झडपेचा स्नायू छेदणे, हीही चांगली. पोएमनंतर आम्ल वर येण्याचा त्रास जास्त होतो. झडपेत टोचून ती सैल करणाऱ्या बोटॉक्स या औषधाचा गुण काही महिन्यांत ओसरतो. माझ्या आत्याबाई मऊ खिचडीचा घासही उभ्या राहून, पाण्याच्या घोटाने खाली ढकलत असत. फुग्याच्या उपचारानंतर त्या पंगतीत बसून जेवू लागल्या.